तुमचं गाव कोणतं?

१९९५ च्या जूनमध्ये पुण्यातल्या वसतिगृहाच्या खोलीत मी ट्रंक ठेवली, तेव्हा पलीकडच्या कॉटवर एक मुलगी आधीच येऊन बसली होती. दुपारभर सगळ्यांनी तिला 'तू कुठली?' हे तेच ते विचारलं होतं आणि 'नागालँड' एवढं उत्तर मिळाल्यावर पुढे काय बोलायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. माझ्या तोंडून मात्र सवयीने निघून गेलं, "नागालँडमध्ये कुठे?" ती म्हणाली, मोकोकचुंग. मी म्हटलं, "ते शहर झालं. गाव कोणतं?"

ती एकदम सावरून बसली. गावाचं नाव सांगितलं, गावातला भाग सांगितला, मग कूळ सांगितलं. आणि लगेच उलट विचारलं, "तुझं?"

मी कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव सांगितलं. वडिलांची सगळी नोकरी पुण्यात झाली, तरी आमच्या घरात 'गाव' म्हटलं की ते एकच. ती म्हणाली, आमच्याकडेही असंच विचारतात. माणूस दिमापूरला जन्मला, दिल्लीत नोकरीला लागला, तरी म्हातारी माणसं त्याला गावच विचारणार. त्या रात्री आम्ही आडनावांवर उशिरापर्यंत बोलत बसलो. ती आओ. आओंमध्ये पोंगेन, लोंगकुमेर, जमीर ही मूळ कुळं. एका कुळातल्यांनी आपसात लग्न करायचं नाही, ते भाऊबहीणच. कुळाची स्वतःची नावंही ठरलेली, त्यामुळे नुसत्या नावावरून जाणत्या माणसाला कूळ कळतं. मी तिला देवक म्हणजे काय ते सांगितलं. ते समजावून घ्यायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

इतकी वर्षं तिच्याशी मैत्री आहे. तिच्या लोकांबद्दल मी पुष्कळ वाचलं, तिच्या घरी राहून आले. तरी नागा माणसाची ओळख समजून घ्यायची तर सुरुवात या प्रश्नापासून करावी, असं मला अजूनही वाटतं. आपण ती नेहमी दुसऱ्या टोकाकडून करतो. आधी राज्य, मग जमात, मग पिसांचा मुकुट घातलेला फोटो.

'नागा' हे नाव त्यांनी स्वतः ठेवलेलं नाही, आणि आपल्याकडच्या नागपंचमीच्या नागाशी जोडून त्याचे जे अर्थ लावले जातात त्यांचा या डोंगरांशी संबंध नाही. कुणी हे नाव आसामीतल्या शब्दाकडे नेतात, कुणी बर्मी भाषेतल्या कान टोचलेल्या माणसासाठीच्या शब्दाकडे. वाद मिटलेला नाही. एवढं खरं, की डोंगराखालचे लोक वरच्यांना त्या नावाने हाक मारत होते आणि वरचे स्वतःला आपल्या गावाच्या, आपल्या जमातीच्या नावाने ओळखत होते. जमातींची नावंसुद्धा पुष्कळदा बाहेरच्यांनीच दिलेली. ज्यांना आपण लोथा म्हणतो ते स्वतःला क्योंग म्हणतात. सेमा लोकांनी आपलं सुमी हे नाव आग्रहाने परत घेतलं. अंगामी, चाखेसांग, रेंगमा यांच्यासारख्या जमाती स्वतःला तेन्यिमिया या मोठ्या कुटुंबातल्या मानतात. मणिपुरात तांगखुल, माओ, रोंगमेई. अरुणाचलात वांचो, नोक्ते. सीमेपलीकडे म्यानमारमध्येही नागाच. मोन जिल्ह्यातल्या लोंगवा गावात तर कोन्याकांच्या राजाच्या, म्हणजे आंगच्या घरातूनच देशाची सीमा जाते.

यांतल्या कितीतरी जमातींना एकमेकींची भाषा कळत नाही. आओंमध्येच चुंगली आणि मोंगसेन या दोन वेगळ्या बोली आहेत. मैत्रिणीची आई बाजारात सुमी बाईशी बोलते ती नागामीजमधून. आसामच्या बाजारपेठांशी व्यवहार करता करता तयार झालेली ही भाषा कुणाचीच मातृभाषा म्हणून जन्मली नाही, पण भाजीवालीपासून आमदारापर्यंत सगळ्यांना येते. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा आईने मला त्याच भाषेत विचारलं, "भात खाइसे?" अर्थ सांगावा लागला नाही.

पण तिथे पोचण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी.

दुसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी वसतिगृह सोडून एक फ्लॅट भाड्याने घेतला. दिवाळीनंतर तिच्या घरून पार्सल आलं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या, कडक, तळहाताएवढ्या वड्या होत्या. अनिशी. हे मी नंतर तिच्या गावी डोळ्यांनी पाहिलं. अळूची पानं आणायची, एकावर एक रचून झाकून ठेवायची. पानं पिवळी पडून मऊ झाली की उखळात कुटायची, लगद्याच्या वड्या थापायच्या आणि चुलीवरच्या मांडणीवर धुरात वाळवायच्या. पावसाळाभर टिकतात. डुकराच्या मटणात एक वडी फोडून टाकली की रस्सा काळपट होतो आणि एक खोल, आंबूस, मातीसारखा वास सुटतो.

त्या वासावरून वरच्या मजल्यावरून तक्रार झाली. घरमालक आले, दारातच उभे राहिले, आणि 'असले प्रकार' इथे चालणार नाहीत म्हणाले. आम्ही तिघी मराठी. आम्ही चुलीवर सुकट भाजायचो तेव्हा कुणी दारात आलं नव्हतं. महिन्याच्या आत जागा सोडा, असं त्यांनी आम्हा चौघींना सांगितलं, पण ते बोलत होते तिच्याकडे बघत. ती काही बोलली नाही. रात्री तिने उरलेल्या वड्या पुन्हा कागदात बांधल्या आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिल्या. अळू आपलंही, तिचंही. आपण त्याचं फदफदं करून लग्नाच्या पंगतीत वाढतो, ते लोक त्याच्या वड्या धुरावर टांगतात. तेव्हा हे मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, ते अजून लागून राहिलं आहे.

१९९९ च्या डिसेंबरमध्ये मी तिच्या गावी गेले. इनर लाइन परमिट काढलं. १८७३ मध्ये इंग्रजांनी आखलेल्या रेषेच्या आत बाहेरच्यांनी शिरायचं तर लागणारा कागद, आजही लागतो. गुवाहाटीहून रात्रीची बस. पहाटे आमगुरीपाशी चहाचे मळे संपतात, सपाटी संपते, आणि रस्ता एकदम वर चढायला लागतो. तुळीची बंद पडलेली कागदगिरणी मागे पडली. उजाडलं तसं दिसलं, की गावं दरीत नाहीत, उतारावर नाहीत. प्रत्येक गाव डोंगराच्या अगदी माथ्यावर, धारेला धरून. पाणी खाली, शेत खाली, आणि माणसं वर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला याचं कारण विचारावं लागत नाही. शत्रू कुठून येतो ते दिसलं पाहिजे.

आणि शत्रू म्हणजे पुष्कळदा पुढच्या डोंगरावरचं गाव. हे लपवण्यासारखं नाही, आणि तिच्या वडिलांनी लपवलंही नाही. मी त्यांना अंकल म्हणायचे. शाळेत मास्तर होते, चर्चमध्ये डीकन होते. एका रात्री त्यांनी पेटीतून एक शाल काढली. गडद रंगाची, लाल पट्ट्यांची, आणि मधोमध एक पांढरा पट्टा. शाल विणतात बायका, पण त्या पट्ट्यावरची चित्रं पुरुषांनीच काढायची. झाडाच्या चिकात राख आणि तांदळाची दारू खलून केलेल्या काळ्या रंगाने. अंकल बोट ठेवून एकेक दाखवत गेले. हा मिथुन, गव्यासारखा पाळीव प्राणी. ज्याने मिथुन बळी देऊन सगळ्या गावाला जेवण घातलं त्याला हे चित्र मिळायचं. हा वाघ, हत्ती. हा भाला, हा दाव, म्हणजे त्यांचा कोयता. हा कोंबडा. आणि ही गोल गोल चित्रं आहेत ना, ही डोकी.

या शालीला त्सुंगकोतेपसू म्हणतात. ती आजोबांची होती. ती कुणीही पांघरायची नसे, मिळवावी लागे. मी हात लावला तर चालेल का, असं विचारलं. अंकल म्हणाले, "हात लाव. पण ही बायकांनी पांघरायची नाही." माझी मैत्रीण चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं.

शत्रूचं डोकं कापून आणायचं ते का, हे त्यांनी सांगितलं ते असं. माणसाचं बळ डोक्यात राहतं. ते गावात आलं की गावाचं बळ वाढतं, पीक येतं, मुलं होतात. डोकं आणलं की लाकडी ढोल वाजायचा. तो ढोल म्हणजे अख्खा झाडाचा बुंधा पोखरून केलेला, होडीएवढा, आणि दोन्ही बाजूंनी रांगेत उभं राहून तरुण पोरं तो बडवायची. माणूस मेला, आग लागली, शत्रू आला, प्रत्येकाचा ठेका वेगळा. पोरं रात्री झोपायची ती मोरुंगमध्ये, आओ भाषेत अरिजू. तिथे गाणी, कुळांच्या गोष्टी, टोपल्या विणणं, लढणं, सगळं शिकायचं. शाळा, व्यायामशाळा, तालीम, चावडी, सगळं एकाच छपराखाली.

मोरुंग आता नाही. १८७२ मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी एडवर्ड विंटर क्लार्क आसामच्या सपाटीवरून मोलुंगकिमोंग या आओ गावात आले, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत मोरुंगच्या जागी चर्च आलं, डोकी थांबली, तांदळाची दारू निषिद्ध झाली. २०११ च्या जनगणनेत नागालँडमधली ख्रिस्ती लोकसंख्या ८७ टक्क्यांच्या वर होती. अंकलना मी विचारलं, यात काय गेलं, काय आलं? ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, माझ्या आजोबांच्या काळी मी पुढच्या डोंगरावर एकटा जाऊ शकलो नसतो, आज माझी मुलगी पुण्याला जाते. आणि मग म्हणाले, पण आजोबांना येत होती त्यातली चार गाणीसुद्धा मला येत नाहीत.

लिपी चर्चने दिली, रोमन. त्याआधी नव्हती. आओंमध्ये त्यावर एक गोष्ट आहे. आमच्याकडेही अक्षरं होती, कातड्यावर लिहिलेली. ते कातडं भिंतीला टांगलं होतं, एक दिवस कुत्र्याने ओढून खाल्लं. तेव्हापासून सगळं तोंडी. ही गोष्ट सांगताना आई हसत नव्हती. जे लिहिलं होतं ते गेलं म्हणून जे आठवतं ते जपायचं, असा तिचा अर्थ तिने लावला होता. आओ आपली सुरुवात सांगतात ती दगडांपासून: दिखू नदीपलीकडे लोंगतेरोक, म्हणजे सहा दगड, आणि त्यातून निघालेली सहा माणसं, तीन पुरुष, तीन स्त्रिया. तीन कुळांची ती मुळं. दक्षिणेकडचे अंगामी आणि त्यांचे भाऊबंद आपलं मूळ माखेल आणि खेझाकेनो या गावांत सांगतात. खेझाकेनोच्या गोष्टीतही दगड आहे. त्यावर धान वाळत घातलं की दुप्पट व्हायचं. तीन भावांत त्यावरून भांडण झालं, म्हणून आईबापांनी दगडावर आग पेटवली. दगड फुटला, त्यातलं दैवत निघून गेलं, आणि भाऊ तीन दिशांना गेले.

जे लोक मूळ पुरुषाच्या मागेही गाव आणि दगड सांगतात, त्यांच्याशी 'तुम्ही कुठून आलात' यावर वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला तिथे कळलं.

शाळेच्या इतिहासात आपण सायमन कमिशन शिकलो. 'सायमन परत जा', काळे झेंडे, लाहोरचा लाठीमार. त्याच कमिशनची एक भेट कोहिमाला झाली होती, ती आपल्या पुस्तकात नव्हती. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या वेळी नागा डोंगरांतून सुमारे दोन हजार माणसं मजूर पलटणीत फ्रान्सला गेली होती. त्या युद्धात आमच्या सातारच्या भागातूनही घरटी माणूस गेला. वेगवेगळ्या डोंगरांवरची, एकमेकांच्या डोक्यांवर उठलेली ही माणसं परक्या देशात एकाच ओळीत उभी राहिली. परत आल्यावर १९१८ मध्ये कोहिमात नागा क्लब निघाला. १० जानेवारी १९२९ रोजी या क्लबने सायमन कमिशनला निवेदन दिलं. सह्या वीस. मागणी एवढीच, की इंग्रज गेले तर आम्हाला कुणाच्या हाती सोपवू नका. प्राचीन काळाप्रमाणे आमचं आम्हाला ठरवू द्या.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: 'आम्ही नागा' असं एकत्र म्हणण्याची ही सुरुवात. बाहेरच्यांनी दिलेलं नाव त्यांनी उचललं आणि त्याला स्वतःची सही केली. पुढचं सगळं राजकारण याच कागदातून फुटतं. १९४६ मध्ये नागा नॅशनल कौन्सिल, १४ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्याची घोषणा, १९५१ च्या मे महिन्यात खोनोमाच्या अंगामी झापू फिझो यांच्या पुढाकाराने सार्वमत. १९५३ मध्ये नेहरू ब्रह्मदेशाच्या ऊ नू यांना घेऊन कोहिमाला आले. लोकांना निवेदन देऊ दिलं नाही, तेव्हा जमलेले नागा सभा सोडून उठून गेले. मग बंडखोरी, मग लष्कर, १९५८ चा सशस्त्र दलांच्या विशेषाधिकारांचा कायदा.

या तारखा मला पुस्तकांत मिळाल्या. आईने मला जे सांगितलं त्यात तारीख नव्हती. ती लहान होती. एक दिवस हुकूम आला, गाव सोडा. आसपासच्या गावांची माणसं एका जागी आणून लाकडी खुंटांच्या कुंपणात ठेवली. शेतावर जायचं तर ठरलेल्या वेळी, परत यायचं ठरलेल्या वेळी. धान्याची कोठारं जळाली, कारण बंडखोरांना धान्य मिळू नये. आई म्हणाली, "आम्ही जंगलातले कंद खाल्ले. माझा धाकटा भाऊ तिथेच गेला." मग उठून तिने चुलीत लाकूड सरकवलं आणि मला विचारलं, अजून भात वाढू का. गावांना असं एकत्र कोंडण्याचा हा प्रकार आओ भागात पन्नासच्या दशकात खरोखरच झाला. ज्यांची सगळी ओळख गावाच्या जागेवर उभी, त्यांना गावातून उठवणं म्हणजे काय, याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

१ डिसेंबर १९६३ ला नागालँड देशाचं सोळावं राज्य झालं. पुढच्या वर्षी जयप्रकाश नारायण शांतता मंडळ घेऊन तिथे गेले, युद्धबंदी झाली, ती टिकली नाही. १९७५ मध्ये सरकार आणि बंडखोरांचे काही प्रतिनिधी यांच्यात शिलाँग करार झाला, त्यातून नवी फूट निघाली. नागांच्या हातूनही पुष्कळ नागा मेले, हेही खरं आहे आणि तिथली माणसं ते मोकळेपणी बोलतात. १९९७ पासून युद्धबंदी आहे, २०१५ मध्ये दिल्लीत एका चौकट करारावर सह्याही झाल्या. अंतिम तोडगा अजून व्हायचा आहे.

२७ डिसेंबरला आम्ही मोकोकचुंगच्या बाजारात गेलो होतो. नाताळची गर्दी ओसरत आलेली. लोकरीचे गोळे घ्यायला ती एका दुकानाशी थांबली आणि सहज म्हणाली, "ही ओळ सगळी नवीन आहे." मी विचारलं, का? तेव्हा तिने सांगितलं. बरोबर पाच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये याच तारखेला शहरात गोळीबार झाला, सुरक्षा दलांच्या हातून सामान्य माणसं मेली, बाजार जळाला. तिच्या काकांचं दुकान त्यात होतं. ती त्या दिवशी घरात, पलंगाखाली.

म्हणजे जून १९९५ मध्ये ती माझ्या समोरच्या कॉटवर येऊन बसली तेव्हा या गोष्टीला सहा महिनेही झाले नव्हते. साडेचार वर्षं आम्ही एकत्र जेवलो, भांडलो, परीक्षा दिल्या. मी तिला गाव विचारलं होतं. गावात काय झालं, ते विचारलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "कुठून सुरू करणार?"

परतताना चुचुयिमलांगला थांबलो. तिथे गांधी आश्रम आहे. तो उभा केला नटवर ठक्कर यांनी. मूळचे डहाणूचे. काका कालेलकरांच्या प्रेरणेने १९५५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते इथे आले, ऐन धुमश्चक्रीच्या काळात. लेंतिना या आओ मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि जन्मभर तिथेच राहिले. मधमाशा पाळणं, घाणी, विणकाम असे उद्योग. त्या दिवशी ते गावात नव्हते, पण त्यांचं नाव काढलं की लोक 'नटवरभाई' असं घरच्या माणसासारखं म्हणत होते. कुणाला सुधारायला न जाता शेजारी म्हणून जाऊन राहता येतं, एवढं त्या आश्रमाच्या अंगणात मला दिसलं. २०१८ मध्ये ते गेले.

कोहिमाचं युद्धस्मशान बहुतेक पर्यटक पाहतात, तसं मीही पाहिलं. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट, ज्याच्या दोन टोकांना १९४४ च्या एप्रिल-मे महिन्यांत ब्रिटिश-भारतीय फौज आणि जपानी फौज समोरासमोर होत्या. ज्यांचं दहन झालं त्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक वरच्या बाजूला आहे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आमच्या घरातले एक चुलत आजोबा 'बर्मात' लढून आले होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुढे कळलं, की मराठा पलटणीची एक तुकडी, चौथी बटालियन, कोहिमाच्या आधी सांगशाकला लढली. मार्च १९४४, मणिपुरात उखरुलजवळ. सांगशाक हे तांगखुल नागांचं गाव, डोंगरमाथ्यावरचं, आणि माथ्यावर चर्च. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, तरी छत्रीधारी गुरख्यांबरोबर ही माणसं चार-पाच दिवस चिवटपणे तिथे थांबली, आणि जपान्यांचे ते दिवस वाया गेले म्हणून कोहिमाला सावरायला वेळ मिळाला. आपण हे अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण ज्यांच्या गावात, ज्यांच्या चर्चच्या अंगणात ही लढाई झाली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कोहिमा गाव तर लढाईत बेचिराख झालं. जखमींना पाठीवर घेऊन डोंगर उतरलेली, वाटा दाखवलेली माणसं नागाच होती.

गावाबद्दल एवढं लिहिलं, तर त्यातली खोचही लिहायला हवी. मैत्रिणीनेच एकदा मला सांगितलं होतं, "गाव माझं आहे, पण गावातली वीतभर जमीन माझी नाही." वडिलोपार्जित जमीन मुलाकडे जाते. गावच्या परंपरागत सभेत बायका बसत नाहीत. राज्यघटनेच्या ३७१-अ कलमाने नागांच्या रूढींना, जमिनीला संरक्षण दिलं, ते मोलाचं आहे. पण त्याच कलमाचा आधार घेऊन नगरपालिकांत बायकांना ३३ टक्के जागा द्यायला विरोध झाला. २०१७ मध्ये त्यावरून दंगली झाल्या, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. राज्य स्थापन होऊन जवळपास साठ वर्षांनी, २०२३ मध्ये, हेकानी जखालू आणि साल्हौतुओनुओ क्रुसे या पहिल्या दोघी विधानसभेत निवडून गेल्या. २०२४ च्या जूनमध्ये आरक्षणासह पालिका निवडणुका झाल्या. माझ्या मैत्रिणीने त्या दिवशी मला बोटावरच्या शाईचा फोटो पाठवला होता, खाली एकही शब्द नव्हता. राणी गाइदिन्ल्यूंची आठवण मला अशा वेळी होते. रोंगमेई मुलगी, १९३२ मध्ये इंग्रजांनी पकडली तेव्हा वय सतरा, आणि सुटली ती १९४७ मध्ये.

४ डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यातल्या ओटिंग गावचे खाणमजूर शनिवारी संध्याकाळी गाडीतून घरी येत होते. लष्कराच्या तुकडीने त्यांना बंडखोर समजून गोळ्या घातल्या. सहा जण जागीच गेले, आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत मृत नागरिकांचा आकडा चौदावर गेला. राज्याचा दर डिसेंबरातला हॉर्नबिल महोत्सव चालू होता, तो बंद झाला. मी तिला फोन केला. ती कोन्याक नाही, तिचं गाव ओटिंगपासून कितीतरी लांब. तरी ती म्हणत होती, "आमच्या गावची माणसं." त्या दिवशी मला सायमनला दिलेल्या कागदावरच्या वीस सह्या आठवल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा मेसेज आला, सोबत एक लिंक. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या टेट्सवर्थ गावातल्या लिलावघराने एक वस्तू विक्रीला काढली होती. शिंगं बसवलेली, एकोणिसाव्या शतकातली, नागा माणसाची कवटी. अंदाजे किंमत साडेतीन ते चार हजार पौंड. नागालँडमधून गदारोळ झाला, नागा गटांत समेट घडवू पाहणाऱ्या फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशनने आवाज उठवला, मुख्यमंत्री नेफ्यू रिओंनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि कवटी लिलावातून मागे घेतली गेली. पण ती एकच. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागांच्या साडेसहा हजारांच्या आसपास वस्तू आहेत, आणि त्यांत माणसांचे अवशेषही. इंग्रज अधिकाऱ्यांनी, मानववंशशास्त्रज्ञांनी नेलेले. २०२० मध्ये संग्रहालयाने ते काचेच्या कपाटांतून काढून आत ठेवले. आपली माणसं घरी आणायची, म्हणून काही नागा तरुण आणि वडीलधारी मंडळी गेली काही वर्षं गावोगाव जाऊन लोकांशी बोलत आहेत, आणि २०२५ च्या जूनमध्ये नागांचं एक शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आलं.

अवघड प्रश्न पुढेच आहेत. पूर्वी आओ लोक मृतदेह पुरत नसत. धुरी देऊन गावाबाहेरच्या वाटेवर बांबूच्या मचाणावर ठेवत. ते विधी करणारी माणसं आता उरली नाहीत. मग आणलेली डोकी चर्चच्या दफनभूमीत ठेवायची? ती तर ख्रिस्ती नव्हती. आणि त्यातलं एखादं डोकं शत्रूगावचं असेल, कुणीतरी जिंकून आणलेलं आणि मग साहेबाने नेलेलं, तर ते कुठल्या गावाला द्यायचं? जिंकून आणणाऱ्याच्या, की ज्याचं होतं त्याच्या?

अंकल आता थकले आहेत, ऐकायला कमी येतं. मैत्रिणीने ही सगळी बातमी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता, मी इकडे पुण्यात ऐकत होते. वाचून झाल्यावर बराच वेळ नुसता चुलीतल्या लाकडांचा आवाज येत होता. मग अंकल आओ भाषेत काहीतरी म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाले?

ती म्हणाली, "ते विचारतायत, त्या डोक्यांवर चिठ्ठी असेल ना? चिठ्ठीवर गाव लिहिलंय का बघा."